हॅझर्ड रेशो वर्षभर एकच राहतो का? कॉक्स मॉडेलचं गृहीतक आलेखांवरून कसं तपासायचं

मृगाच्या पहिल्या पावसावर सड्यावर हापूसची कलमं लावली. निम्म्या कलमांना पावसाळा सरल्यावर मडक्याने पाणी द्यायचं ठरलं, निम्मी तशीच ठेवली. दर महिन्याला जाऊन कुठलं कलम जगलं, कुठलं सुकलं याची नोंद केली. वर्ष संपल्यावर संगणकाने एक आकडा दिला: पाणी न दिलेल्या कलमांचा हॅझर्ड रेशो, म्हणजे त्यांचा मरण्याचा वेग पाणी दिलेल्यांच्या किती पट आहे ते. तो आकडा प्रबंधात जातो, सादरीकरणात जातो आणि शेवटी बागायतदाराच्या कानावर जातो. पण जुलैत खड्ड्यात गुडघाभर पाणी असताना मडक्याच्या पाण्याचा फायदा काय असणार? आणि एप्रिलमध्ये जांभा कातळ तापलेला असताना तोच फायदा किती असणार? दोन्ही महिन्यांना एकच आकडा लावायचा, तर त्याला काही आधार हवा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात संख्याशास्त्र शिकवते. कृषीचे, नर्सिंगचे, वैद्यकीय पदव्युत्तरचे विद्यार्थी कॉक्स मॉडेल (जगण्याच्या काळावरून हॅझर्ड रेशो काढणारं मॉडेल) घेऊन येतात आणि बहुतेकांच्या अहवालात एक ओळ असते: "प्रपोर्शनल हॅझर्ड्सचं गृहीतक तपासलं, पी ०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणून ठीक." या ओळीने माझं समाधान होत नाही. हे गृहीतक, म्हणजे हॅझर्ड रेशो वेळेनुसार बदलत नाही हे मानणं, मोडलंय का, एवढंच विचारून भागत नाही. ते कधी मोडलं आणि किती मोडलं, हे कळायला हवं, आणि "कधी"चं उत्तर पी-व्हॅल्यू देत नाही. ते आलेखच देतो.

गृहीतक नेमकं काय म्हणतं

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि डेव्हिड कॉक्स यांचा या मॉडेलवरचा शोधनिबंधही १९७२ चाच. साल लक्षात राहावं म्हणून विद्यार्थ्यांना मी ही जोडी सांगते.

हॅझर्ड म्हणजे आजवर जगलेल्या कलमांपैकी आत्ता, या घडीला, मरण्याचा वेग. कॉक्स मॉडेलमध्ये हा वेग वर्षभर कसाही वरखाली झाला तरी चालतो. ऑगस्टमध्ये कमी, एप्रिलमध्ये पाचपट, काही हरकत नाही. अट एवढीच, की दोन गटांच्या वेगांचं गुणोत्तर कायम राहिलं पाहिजे. पाणी दिलेल्या गटाचा हॅझर्ड एप्रिलमध्ये तिप्पट झाला, तर न दिलेल्याचाही तिप्पटच व्हायला हवा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. "जोखीम वेळेनुसार बदलते, म्हणजे गृहीतक मोडलं" असं ते समजतात. जोखीम बदलू दे, गुणोत्तर बदलता कामा नये.

यातून एक सूत्र निघतं आणि पुढचे सगळे आलेख त्याच्यावरच उभे आहेत. हॅझर्ड रेशो २ असेल, तर दुसऱ्या गटातलं जिवंत प्रमाण म्हणजे पहिल्या गटातल्या जिवंत प्रमाणाचा वर्ग. पहिल्यात ०.९० जगली तर दुसऱ्यात ०.८१, पहिल्यात ०.७० तर दुसऱ्यात ०.४९. पहिल्या वेळी अंतर ०.०९ होतं, नंतर ०.२१ झालं. म्हणजे गृहीतक अगदी तंतोतंत पाळलं जात असतानाही दोन जीवितरेषा समांतर राहत नाहीत, निदान सुरुवातीला तरी त्या फाकत जातात.

आलेखाआधी नोंदवही

आलेखात दिसणारे निम्मे गोंधळ नोंदवहीतूनच आलेले असतात, म्हणून इथे वेळ द्या.

शून्य दिवस कुठला ते आधी ठरवा. रोपवाटिकेत कलम बांधलं तो दिवस, की खड्ड्यात लावलं तो? प्रश्न लागवडीनंतरच्या मरीचा असेल तर लावल्याचा दिवस. मग नांग्या. मेलेल्या कलमाच्या जागी पुढच्या पावसात नवं कलम लावलं, की बरेच जण त्याच खड्डा-क्रमांकावर पुढे नोंद करत राहतात. तसं करू नका. नांगीतलं कलम ही नवी ओळ, तिचा शून्य दिवस नवा. नाहीतर दहा दिवसांचं कलम नोंदवहीत चारशे दिवसांचं होऊन बसतं.

शेवटच्या फेरीला जिवंत असलेलं कलम सेन्सॉर, म्हणजे तोवर जगलं एवढंच माहीत, पुढचं नाही. भातकापणीनंतर मोकाट सुटलेल्या गुरांनी खाल्लेलं, वणव्यात जळालेलं कलम मात्र वेगळ्या खुणेने नोंदवा. पाण्याच्या परिणामाचा विचार करताना ते काय मानायचं हा निर्णय विचारपूर्वक घ्यायचा असतो, आणि खूणच नसेल तर तो घेताच येत नाही. शिवाय वणव्यात एकाच बागेतली वीस कलमं एका दुपारी जातात. ती वीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. बाग किंवा वाडी हा रकाना ठेवला, की पुढे त्यानुसार स्टँडर्ड एरर (अंदाज किती हलू शकतो याचं माप) दुरुस्त करता येते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मडकी भरायला गडी आठवड्यातून दोनदा जातो, म्हणून पाणी दिलेल्या गटातलं कलम सुकलं की लगेच कळतं. दुसऱ्या गटाकडे महिन्यातून एकदाच फेरी. मग दुसऱ्या गटातले मृत्यू नोंदवहीत उशिरा उमटतात आणि पाणी दिलेलीच आधी मरतात असं आलेखात दिसू शकतं. दोन्ही गटांच्या फेऱ्या एकाच दिवशी ठेवा.

पहिली नजर: कॅप्लान-मायर

१९५८ सालची कॅप्लान-मायर रेषा, म्हणजे जिवंत प्रमाण वेळेनुसार कसं उतरत जातं ते दाखवणारी जीवितरेषा, दोन्ही गटांसाठी एकाच आलेखावर काढा. आडव्या अक्षावर नुसते दिवस नकोत, खाली महिन्यांची नावंही घाला. त्याखाली त्या त्या वेळी किती कलमं नजरेखाली उरली होती ते आकडे छापा. उजवीकडचा शेपटाचा भाग चार-पाच कलमांवर उभा असतो. तिथल्या उड्यांवरून काही ठरवू नका.

रेषांनी एकमेकींना स्पष्टपणे छेद दिला असेल, तोही भरपूर कलमं उरलेली असताना, तर गुणोत्तर १ च्या एकाच बाजूला राहिलेलं नाही, हे तिथेच कळलं. छेद नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही.

लॉग-लॉग आलेख, हाताने

वरच्या सूत्राच्या दोन्ही बाजूंचा लॉग घेतला, चिन्ह उलटवलं आणि पुन्हा लॉग घेतला, की घातांक बेरजेत येतो. म्हणजे प्रत्येक गटासाठी लॉग(−लॉग(जिवंत प्रमाण)) काढलं, तर गृहीतक खरं असताना दोन रेषांमधलं उभं अंतर सगळीकडे सारखं यायला हवं आणि ते अंतर म्हणजेच हॅझर्ड रेशोचा लॉग. इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, कॅल्क्युलेटरवरचं एलएन बटण.

आता एक उदाहरण हाताने करू. आकडे केवळ समजण्यासाठी मांडलेले आहेत, कुठल्या प्रयोगाचे नाहीत. समजा, प्रत्येक गटात ४० कलमं आहेत, ७ जूनच्या सुमारास लावलेली, सेन्सॉर एकही नाही.

| कधी | पाणी दिलेली जिवंत | न दिलेली जिवंत | लॉग-लॉग, दिलेली | लॉग-लॉग, न दिलेली | अंतर |
|---|---|---|---|---|---|
| १२० दिवस, ऑक्टोबरची सुरुवात | ३६ | ३६ | −२.२५ | −२.२५ | ० |
| २४० दिवस, फेब्रुवारीची सुरुवात | ३४ | ३२ | −१.८२ | −१.५० | ०.३२ |
| ३६० दिवस, जूनची सुरुवात | ३१ | १८ | −१.३७ | −०.२३ | १.१४ |

शेवटची ओळ स्वतः करून बघा. १८ भागिले ४० म्हणजे ०.४५. त्याचा लॉग −०.७९८५. चिन्ह काढून ०.७९८५ चा पुन्हा लॉग, −०.२३. अंतर शून्यावरून १.१४ वर गेलं. रेषा पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या, हिवाळ्यात थोड्या सुटलेल्या, उन्हाळ्यात ठळकपणे वेगळ्या. हे गृहीतक मोडल्याचंच चित्र आहे.

आता या आलेखाची मर्यादा बघू, कारण पुस्तकांत ती बहुधा एका वाक्यात आटोपलेली असते. लॉग-लॉग आलेख साठलेल्या हॅझर्डवर, म्हणजे −लॉग(जिवंत प्रमाण) यावर, चालतो. लागवडीपासून आजपर्यंत जेवढी जोखीम जमा झाली, ती सगळी त्यात असते. ३६० व्या दिवशी साठलेला हॅझर्ड पाणी दिलेल्या गटात ०.२५५ आणि न दिलेल्यात ०.७९९, म्हणजे गुणोत्तर ३.१. पण फक्त उन्हाळ्याचे चार महिने वेगळे काढले तर? पाणी दिलेल्या गटात ०.२५५ वजा २४० व्या दिवसापर्यंत साठलेला ०.१६३, म्हणजे ०.०९२. न दिलेल्यात ०.७९८५ वजा ०.२२३, म्हणजे ०.५७५. गुणोत्तर ६.२! हिवाळ्यापुरतं ते २.१ आणि पावसाळ्यात १. बागायतदाराला हवा असलेला आकडा ६.२ आहे. लॉग-लॉग आलेख त्याला ३.१ दाखवतो, कारण पावसाळ्यातली बरोबरी अजून त्याच्या पोटात आहे. हा आलेख बदल दाखवतो, पण उशिरा आणि सौम्य करून.

दुसरी मर्यादा डाव्या टोकाची. पहिल्या ओळीत प्रत्येक गटात जेमतेम ४ मृत्यू आहेत. तिथल्या अंतराची स्टँडर्ड एरर ०.७ च्या आसपास येते, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ १.४ पर्यंत ते हलू शकतं. शेवटच्या ओळीत ती ०.४ आहे. त्यामुळे डावीकडे रेषा वळवळल्या, एकमेकींना छेदून गेल्या, तर लगेच घाबरू नका. त्यात आडवा अक्षही लॉग वेळेचा असेल तर पहिले काही दिवस अर्धा आलेख व्यापून बसतात. आडवा अक्ष साधा ठेवा किंवा लॉगचा, उभ्या अंतराच्या तपासणीत फरक पडत नाही. लॉगचा घेण्याचं कारण वेगळं: जगण्याचा काळ वायबुल या नेहमीच्या वितरणानुसार असेल तर रेषा सरळ दिसते.

सॉफ्टवेअर बदललं की चिन्ह बदलू शकतं. स्टाटा या सॉफ्टवेअरमधली एसटीपीएचप्लॉट ही आज्ञा उलट चिन्हाने आलेख काढते, तिथे वरची रेषा म्हणजे जास्त जगणारा गट. अक्षावर काय लिहिलंय ते वाचून मगच बोला.

साठलेला हॅझर्ड एकमेकांसमोर

हा आलेख फार कमी वापरला जातो आणि मला तो सर्वांत जास्त आवडतो. आडव्या अक्षावर पाणी दिलेल्या गटाचा साठलेला हॅझर्ड, उभ्या अक्षावर न दिलेल्याचा. वेळ कुठल्याच अक्षावर नाही. वेळ म्हणजे रेषेवरून पुढे सरकणं. गृहीतक खरं असेल तर शून्यातून निघणारी सरळ रेषा येते आणि तिचा उतार हाच हॅझर्ड रेशो.

आपल्या उदाहरणातले बिंदू: (०.१०५, ०.१०५), (०.१६३, ०.२२३), (०.२५५, ०.७९९). कागदावर मांडून पट्टीने जोडा. पहिला तुकडा ४५ अंशांत, दुसरा थोडा चढा, तिसरा जवळजवळ उभा. तुकड्यांचे उतार १, २.१, ६.२, म्हणजे लॉग-लॉगमध्ये दडलेला ऋतूचा खरा आकडा इथे थेट डोळ्यांसमोर येतो. प्रत्येक बिंदूजवळ महिन्याचं नाव लिहिलंत, तर संख्याशास्त्र न शिकलेला बागायतदारही हा आलेख वाचतो. साठलेल्या हॅझर्डसाठी नेल्सन-आलेन अनुमानक वापरा, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळतो.

मॉडेलने सांगितलेली जीवितरेषा आणि प्रत्यक्ष कॅप्लान-मायर रेषा एकावर एक काढायचीही एक पद्धत आहे. स्टाटात एसटीकॉक्सकेएम त्यासाठीच आहे. बघायला सोपी, पण "पुरेशा जवळ" म्हणजे किती जवळ हे प्रत्येकाच्या नजरेवर जातं. मी ती पडताळा म्हणूनच ठेवते.

शोनफेल्ड रेसिड्युअल: प्रत्येक मृत्यूला विचारलेला प्रश्न

आतापर्यंतचे आलेख गटांसाठी होते. खड्ड्याची खोली, खुंटाची जाडी अशी सलग मोजमापं असतील, किंवा मॉडेलमध्ये चार-पाच चलं एकत्र असतील, तर गट पाडणं जमत नाही. तेव्हा डेव्हिड शोनफेल्ड यांचे १९८२ चे रेसिड्युअल (प्रत्यक्षात घडलं ते वजा मॉडेलची अपेक्षा) कामी येतात. यामागची कल्पना सोपी आहे, पण विद्यार्थी सूत्र बघूनच बिचकतात.

समजा, मॉडेलने वर्षभरासाठी एकच हॅझर्ड रेशो दिला, २.५. पाणी न दिलेल्या कलमाला १, दिलेल्याला ० असा आकडा आहे. जुलैत एक कलम मेलं. त्या क्षणी दोन्ही गटांत ४०-४० कलमं उभी होती. मॉडेलच्या मते मेलेलं कलम "न दिलेल्या" गटातलं असण्याची शक्यता किती? ४० गुणिले २.५ म्हणजे १००, भागिले (४० + १००), म्हणजे ०.७१. मेलेलं कलम खरंच त्या गटातलं असेल तर रेसिड्युअल १ वजा ०.७१, म्हणजे +०.२९. दुसऱ्या गटातलं असेल तर −०.७१. पावसाळ्यात दोन्ही गटांत सारखेच मृत्यू झाले, तर +०.२९ आणि −०.७१ निम्मे-निम्मे येऊन सरासरी शून्याच्या खाली जाते.

एप्रिलमध्ये बघा. पाणी दिलेली ३३ आणि न दिलेली २५ उरली आहेत. मॉडेलची अपेक्षा: ६२.५ भागिले ९५.५, म्हणजे ०.६५. पण तेव्हा जवळजवळ प्रत्येक मृत्यू न दिलेल्या गटातला, म्हणून +०.३५, +०.३५, पुन्हा +०.३५. सरासरी शून्याच्या वर. डावीकडे खाली, उजवीकडे वर: २.५ हा आकडा पावसाळ्यासाठी फार मोठा आहे आणि उन्हाळ्यासाठी फार लहान, हेच प्रत्येक मृत्यू सांगतो आहे.

१९९४ मध्ये पॅट्रिशिया ग्रँब्श आणि टेरी थर्नो यांनी दाखवलं, की हे रेसिड्युअल योग्य प्रमाणात ताणून त्यांत मॉडेलचा गुणांक (मॉडेलने दिलेल्या हॅझर्ड रेशोचा लॉग) मिळवला, की त्यांची सरासरी त्या त्या वेळच्या लॉग हॅझर्ड रेशोच्या आसपास येते. म्हणजे उभ्या अक्षावर थेट तुमचा लॉग हॅझर्ड रेशो वाचता येतो. थर्नो यांच्याच सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये, आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, हे तीन आज्ञांचं काम आहे: कॉक्सपीएचने मॉडेल बसवा, त्याचा निकाल कॉक्स.झेडपीएचला द्या, आणि जे मिळेल त्यावर प्लॉट चालवा.

आलेख आला की आधी दोन आडव्या रेषा स्वतः ओढा: एक शून्यावर, दुसरी मॉडेलच्या गुणांकावर. मग मधली गुळगुळीत वक्ररेषा बघा. दोनच किमतींचं चल असेल तर बिंदू वर आणि खाली अशा दोन पट्ट्यांत पडतात आणि विद्यार्थ्यांना वाटतं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. पट्ट्यांकडे दुर्लक्ष करा, वक्ररेषा कुठे जाते ते बघा. ती गुणांकाच्या आडव्या रेषेला धरून राहते का? दोन्ही बाजूंच्या तुटक रेषांच्या पट्ट्यातून आडवी रेषा आरपार जाऊ शकते का? वक्ररेषा शून्य ओलांडते का? शून्य ओलांडणं म्हणजे फायद्याचा तोटा होणं, आणि ते नुसत्या चढउतारापेक्षा फार गंभीर आहे.

आडव्या अक्षाबद्दल सावध राहा. या आज्ञेत मुळात कॅप्लान-मायरनुसार ताणलेली वेळ असते. जिथे मृत्यू जास्त तिथे अक्ष रुंद, जिथे कमी तिथे अरुंद. आकडे दिवसांचेच छापलेले असतात, पण त्यांमधली अंतरं सारखी नसतात. पावसाळ्याचे चार महिने बोटभर जागेत येतात आणि एप्रिल-मे पसरून बसतात. चाचणीसाठी हे बरं, कारण एखाद्या उशिराच्या मृत्यूने निकाल ओढला जात नाही. ऋतू वाचायचा असेल तर साध्या दिवसांवरही एकदा आलेख काढा.

तीन उन्हाळे आणि सपाट पी-व्हॅल्यू

पी-व्हॅल्यूवर विसंबू नका असं मी का सांगते, त्याचं खरं कारण आता येतं. कॉक्स.झेडपीएचची चाचणी विचारते, की रेसिड्युअल वेळेसोबत एका दिशेने चढतात किंवा उतरतात का. सरळ चढ असेल तर ती पकडते.

आता तोच प्रयोग तीन वर्षं चालवा, दर उन्हाळ्यात पाणी देत. लॉग हॅझर्ड रेशो पहिल्या उन्हाळ्यात वर, पावसात खाली, दुसऱ्या उन्हाळ्यात वर, पुन्हा खाली. कोकणात पावसाचा बहुतेक सगळा हिस्सा जून ते सप्टेंबर एवढ्यात पडून जातो, तेव्हा ही लाट अपघात नाही, ते इथलं वर्षच आहे. पण लाटेतून सरळ रेषा काढली तर ती बरीचशी आडवी भरते. पी ०.६ येऊ शकतो आणि विद्यार्थी लिहितो, "गृहीतक ठीक." प्रत्यक्षात ते दर सहा महिन्यांनी मोडलेलं असतं.

आलेखही इथे फसवू शकतो. त्यातल्या वक्ररेषेला मुळात चारच अंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे वाकायची मुभा) दिलेले असतात. चार अंशांची रेषा तीन वर्षांच्या तीन लाटा दाखवूच शकत नाही, ती त्यांच्यामधून मऊपणे निघून जाते. अंश आठ, दहा करून बघा. लाटेचे माथे दरवर्षी त्याच महिन्यांत येत असतील तर त्यांवर विश्वास ठेवा. कुठेही येत असतील तर तो गोंगाट आहे. आणि मृत्यू नाही तिथे बिंदूही नाही, हे विसरू नका. ज्या पावसाळ्यात एकही कलम गेलं नाही, तिथली वक्ररेषा नुसती दोन उन्हाळ्यांना जोडणारा साकव आहे.

उलटंही घडतं. हजारो रुग्णांच्या नोंदी असल्या की पी ०.००१ येतो, पण वक्ररेषा वर्षभरात ०.४० वरून ०.४५ वर गेलेली असते. असा फरक मी सोडून देते.

दवाखान्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

सर्व्हायव्हल पॅकेजसोबत व्हेटरन नावाचा डेटा येतो: फुप्फुसाचा कर्करोग झालेले १३७ अमेरिकी माजी सैनिक. सराव याच्यावरच करा. त्यातला कार्नोफ्स्की गुण, म्हणजे रुग्ण कितपत हिंडता-फिरता आहे याचं मोजमाप, सुरुवातीच्या महिन्यांत मृत्यूशी घट्ट जोडलेला दिसतो आणि पुढे वक्ररेषा शून्याकडे येते. कारण साधं आहे. गुण पहिल्या दिवशी मोजला, आणि पहिल्या दिवशीची तब्येत सहा महिन्यांनी शिळी होते. एकदाच मोजलेल्या कुठल्याही गोष्टीत ही शक्यता धरा, खुंटाच्या जाडीतही.

दुसरं उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगावरच्याच आयपास या औषधचाचणीचं, २००९ साली प्रसिद्ध झालेली, पूर्व आशियातले १२१७ रुग्ण. गेफिटिनिब हे औषध आणि नेहमीची केमोथेरपी यांच्या, आजार न वाढता राहिलेल्या रुग्णांच्या रेषांनी सहा महिन्यांच्या सुमारास एकमेकींना छेद दिला. एकत्रित हॅझर्ड रेशो ०.७४. पण ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांत तो ०.४८ होता आणि नसलेल्यांत २.८५. दोन अगदी वेगळे रुग्णगट एका रेषेत मिसळले होते. म्हणून गृहीतक मोडलेलं दिसलं की वेळेला दोष देण्याआधी विचारा: मॉडेलमध्ये यायला हवं होतं असं एखादं चल बाहेर राहिलंय का? कलमांतही दुबळ्या जोडाची कलमं आधी मरतात, मागे चिवट उरतात, आणि गटांमधला फरक हळूहळू विरल्यासारखा दिसतो.

घटना मृत्यूचीच असायला हवी असं नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याकडे हा विषय सर्वांच्या ओळखीचा आहे. तिथे घटना म्हणजे रुग्ण किती तासांत बरा झाला. अशा डेटात शेवटी सगळेच बरे होतात, उरलेलं प्रमाण शून्य होतं आणि शून्याचा लॉग निघत नाही. लॉग-लॉग आलेखातून तो शेवटचा बिंदू वगळा.

मोडलेलं दिसलं, पुढे काय

ज्या चलाचा परिणाम तुम्हाला मोजायचाच नाही, उदाहरणार्थ वाडी, त्याने गृहीतक मोडलं असेल तर त्यानुसार स्तर पाडा. मॉडेल प्रत्येक वाडीला तिचा स्वतःचा मूळ हॅझर्ड देतं. मुख्य प्रश्नाच्या चलावर मात्र हे करू नका, त्याचा परिणामच हातातून जातो.

मुख्य चलासाठी वेळेचे तुकडे पाडा. आरमध्ये सर्व्हस्प्लिट ही आज्ञा प्रत्येक कलमाची ओळ १२० आणि २४० दिवसांवर तोडून देते, मग प्रत्येक तुकड्याला वेगळा हॅझर्ड रेशो मिळतो. कुठे तोडायचं हे आलेख बघून ठरवलंत, तर निकाल हवा तसा वळवल्यासारखं होतं. इथे आपलं नशीब चांगलं आहे. पावसाळा कधी संपतो हे डेटा हातात येण्याआधीच माहीत असतं. त्या तारखा प्रयोगाच्या आराखड्यातच लिहून ठेवा. कलमं वेगवेगळ्या महिन्यांत लावली असतील तर लागवडीपासूनच्या दिवसांवर तोडून उपयोग नाही. मग "उन्हाळा आहे की नाही" हे वेळेनुसार बदलणारं चल म्हणून घाला.

एकच आकडा हवाच असेल तर मर्यादित सरासरी जीवितकाल द्या, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत जीवितरेषेखालचं क्षेत्रफळ. त्याला हे गृहीतक लागतच नाही. आपल्या उदाहरणात बिंदू सरळ रेषांनी जोडले तर ३६० दिवसांपैकी पाणी दिलेलं कलम सरासरी ३१६.५ दिवस जगतं, न दिलेलं २९१. फरक साधारण २५ दिवसांचा. यात कधीचा फरक ते कळत नाही, पण आकडा फसवा नाही.

तपासणी न करता एकच हॅझर्ड रेशो छापला तर काय होतं, ते तक्त्यातच आहे. अभ्यास फेब्रुवारीत थांबवला असता तर साठलेल्या हॅझर्डचं गुणोत्तर १.४ आलं असतं, जूनपर्यंत चालवला तर ३.१. कलमं तीच, मडकी तीच, सडा तोच. फक्त शेवटची फेरी कधी केली यावर पाण्याचा "परिणाम" दुप्पट होतो.

अहवालात मग असं लिहा: "प्रपोर्शनल हॅझर्ड्सचं गृहीतक साठलेल्या हॅझर्डच्या आलेखावरून आणि शोनफेल्ड रेसिड्युअलवरून तपासलं. पाण्याचा परिणाम ऋतूनुसार बदलतो. पाणी न दिलेल्या कलमांचा हॅझर्ड पावसाळ्यात दिलेल्यांएवढाच, ऑक्टोबर ते जानेवारी सुमारे दुप्पट आणि फेब्रुवारी ते मे सुमारे सहापट." प्रत्येक आकड्यासोबत विश्वासमर्यादा द्या, आणि शेजारी महिन्यांची नावं लिहिलेला आलेख छापा.